निकेलआजोबांचा हट्ट

दोष निकेलआजोबांचाच, दुसऱ्या कुणाचा नाही. फार दिवसांपूर्वी एका हंड्यात उसाची चिपाडं आंबट पाण्यात उकळून पांढराशुभ्र डिंक करत. त्या हंड्यात बसलेला निकेल धातूचा जुना गोळा म्हणजे आजोबा; आपण तसंच राहून चिपाडांना बदलायचं, हे त्यांचं काम. पण दर उकळीला त्यांची कड झिजत होती. ते त्यांना दिसत होतं, कबूल मात्र करवत नव्हतं.

"आजोबा, हे पाणी तुम्हाला खातंय," चिपाडं जाळून नुकताच तयार झालेला कोळसा म्हणाला. "मला ते काही करत नाही. माझ्या अंगभर भोकं आहेत. बारीक पूड होऊन आत बसा, मी धरून ठेवतो."

"काल चुलीपुढे लोळत होतास. आज मला मांडीवर घेणार?"

"मांडी माझी, काम तुमचंच."

"तुझा बाप शेतात उभा होता, तेव्हापासून इथे मी एकटा बसतोय."

"म्हणून तर निम्मे उरलात."

आजोबांनी झिजलेली कड खाली दडवली आणि एकटेच पाण्यात उतरले. त्या खेपेला डिंक हिरवा निघाला. तो हिरवेपणा म्हणजे आंबट पाण्यात विरघळून गेलेले आजोबाच होते. सगळा डिंक उकिरड्यावर ओतला, आणि आजोबांचा एक कणही मागे उरला नाही.