पातळ ओठांची मासळी

एकदा एक लाकडाचा व्यापारी खांद्याला गळाच्या चार दांड्या लावून गावच्या तळ्याकडे निघाला, तो मासे धरायला कमी आणि घर टाळायला जास्त. त्याचं नाव त्र्यंबकशेठ. वखार उत्तम चालली होती, मुलं मार्गाला लागली होती. पण माणूस असा शिणला होता की समोरून येणाऱ्याने ‘काय शेठ, बरं आहे ना?’ म्हटलं तर त्याला उत्तर द्यायचाही कंटाळा यावा.

शिणण्याचं कारण घरात होतं. त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. तिने एकच धोशा लावला होता, “धाकट्याला गळ घाल रे. दोघे भाऊ एका पंक्तीला जेवताना मला एकदा पाहू दे.” धाकटा नीळकंठ वखारीच्या कारभारावरून भांडून वेशीपलीकडे वेगळा राहत होता. शेठ त्याच्याकडे जाऊन आले, एकदा नव्हे, अनेकदा. दरवेळी बोलणं गोडीत सुरू व्हायचं आणि खटक्यात संपायचं. कालही तेच झालं. नीळकंठाने नुसतं विचारलं, “आई जेवते का नीट?” आणि हे म्हणाले, “एवढी काळजी आहे ना, मग ऊठ, आत्ताच्या आत्ता चल.” नीळकंठ उठला खरा, पण आतल्या खोलीत गेला आणि त्याने कडी लावून घेतली. शेठ घरी आले ते ‘माझं काय चुकलं’ असं म्हणत. असं म्हणणाऱ्याला त्याचं काय चुकलं हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

तळ्यावर गुरुजी आधीच बसले होते. शाळेत त्र्यंबकला पाढे त्यांनी शिकवले, आणि गळाला गांडूळ लावायलाही त्यांनीच. आता वय झालं होतं, पण बैठक मोडली नव्हती. जवळ मेसाच्या बांबूची एक बारीक काठी, केसाएवढा नायलॉनचा दोरा, आणि मासा कधी गळाला तोंड लावतो ते कळावं म्हणून दोऱ्याला बांधून पाण्यावर सोडलेली मोरपिसाची काडी. एवढाच त्यांचा संसार.

शेठचा संसार मोठा होता. डब्यात लहानमोठे गळ, शिशाच्या गोळ्या, तीन रंगांचे दोरे. दांड्या चार, पण जीव एकीवरच. काळी, जाड, पहारीसारखी ताठ, आणि तिला पितळी रीळ. धरणावर तिने एकदा हातभर लांबीची मरळ ओढून काढली होती. त्या दिवसापासून शेठनी दुसरी दांडी पाण्यात घातली नाही. रिळाचा पेच ते नेहमी करकचून आवळून ठेवत. दोरा वीतभरही सुटला तर त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

या तळ्यात मात्र मरळ नाही. इथे तळहाताएवढी रुपेरी मासळी असते. गावात तिला ‘कागदी’ म्हणतात, कारण तिचे ओठ कागदासारखे पातळ. तव्यावर मीठ-तिखटात परतली की तिच्यापुढे पापलेट झक मारतं, असं गावकरी म्हणतात. गावकरी आपल्या गावाबद्दल असंच म्हणणार, पण ते असो. शेठनीही आपल्या दोऱ्याला काडी बांधून गळ सोडला.

काडी बुडाली. शेठनी हिसका दिला. गळ रिकामा वर आला. पुन्हा गांडूळ लावलं, पुन्हा काडी बुडाली, पुन्हा हिसका, पुन्हा रिकामा गळ. ऊन चढलं तसं शेठनी दांडी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर डोकं टेकलं.

“काही लागत नाही गुरुजी. इथे नाही, तिथेही नाही. आई म्हणते गळ घाल, मी घालून घालून दमलो. आता ती जाईल आणि माझ्या कपाळी हे राहील.”

“तिथे म्हणजे नीळूकडे?”

“हो.” आणि शेठनी कालची सगळी हकीकत सांगितली, कडी लावण्यापर्यंत.

गुरुजींनी आपली काठी ठेवली, शेठची ती लाडकी दांडी उचलली, आणि रिळाचा पेच फिरवून पार ढिला केला. शेठना ते मुळीच आवडलं नाही. पण गुरूच्या हातून काही हिसकावून घ्यायचं नसतं, म्हणून त्यांनी हात आवरला. गुरुजींनी गांडूळ लावून गळ पाण्यात सोडला.

काडी बुडाली. गुरुजींनी दांडी जेमतेम उचलली. दोरा ताणला गेला, मासळी निघाली लव्हाळ्याकडे, रीळ उलटं फिरू लागलं.

“अहो, ओढा. चालली ती.”

गुरुजींनी दोरा आणखी सोडला. शेठनी डोळे मिटून घेतले. हल्ली त्यांना काहीच निसटताना बघवत नव्हतं. बराच वेळ गेला. मग गुरुजींनी हळूहळू रीळ फिरवायला घेतलं, मध्येच थांबले, पुन्हा फिरवलं. शेठनी डोळे उघडले तेव्हा मासळी गुरुजींच्या ओल्या तळहातावर होती. गुरुजींनी बोटाने तिचा ओठ उघडून दाखवला. वरच्या ओठाला एक ताजी चीर होती आणि तिच्या शेजारी एक जुना, भरून आलेला व्रण.

“ही चीर आजची, तुझीच,” गुरुजी म्हणाले. “लागत नाही म्हणतोस ते खरं नाही. लागते. पण काडी बुडाली की तुला वाटतं झाली आपली, आणि तू हिसका मारतोस. मरळीचा जबडा ते सोसतो. हिचा ओठ फाटतो, आणि फाटलेला ओठ घेऊन ती जाते. तुझी दांडी ताठ आहे, ती ताठच राहणार, ती मोडायला मी सांगत नाही. पण ताठ दांडीवाल्याने पेच तरी सैल ठेवावा. दोरा सुटला म्हणजे मासा सुटला असं नसतं, त्र्यंबक.”

त्यांनी हात पाण्यात बुडवला. मासळी क्षणभर तिथेच राहिली, मग गेली.

“ओठ फाटूनही ही पुन्हा आली. दरवेळी येईलच, असा भरवसा मात्र मी देत नाही.”

शेठ पाण्याकडे बघत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “काल तो आईच्या जेवणाचं विचारत होता.”

“मग काडी बुडाली होती,” गुरुजी म्हणाले.

दुपारी शेठ नीळकंठाच्या ओटीवर जाऊन बसले. नीळकंठ तिथेच विळ्याला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही. भावजयीने चहा आणून ठेवला, तो निवला. शेठच्या जिभेवर दहा वाक्यं आली आणि त्यांनी ती एकेक करून गिळली. असं गिळायला फार ताकद लागते, बोलायला एवढी लागत नाही.

खूप वेळाने नीळकंठ म्हणाला, “मऊ भात तरी खाते का?”

‘चल आणि स्वतःच बघ’ हे शब्द ओठांपर्यंत आले होते. शेठ म्हणाले, “दोन घास खाते. मग तोंड फिरवते.”

“भरवतं कोण?”

“मी.”

विळा दगडावर पुन्हा फिरू लागला. शेठ उठले, चपला घातल्या, आणि वळून न बघता पायऱ्या उतरले. रस्त्याला लागताना त्यांना रडू येत होतं, कारण या खेपेला त्यांनी आपल्या हातांनी दोरा सोडला होता आणि आई घरी वाट बघत होती.

वेशीपाशी मागून हाक आली.

“दादा, जरा हळू चाल. तुला भरवता येत नाही. घास मोठा करतोस तू.”

शेठ थांबले. मग पावलं हळू केली.

आपलं माणूस आपल्याकडे येऊ लागलं की आपण फारसं काही करायचं नसतं. फक्त हे न करणं शिकायला फार वेळ लागतो, आणि घरी वाट बघणाऱ्याच्या हातात तेवढा वेळ नसतो.