होडीच्या तळातला सोबती

होड्यांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची गोष्ट. खाडीत एक होडी एकटीच नांगरलेली असायची. तिच्या तळाच्या फळीत एक किडा शिरला. तो लाकूड कुरतडायचा आणि तिच्याशी गप्पा मारायचा. एकटीला तेवढीच सोबत.

मोसमाआधी होड्या काठावर ओढल्या, की फादर त्यांना आशीर्वाद द्यायला येत. त्याच्या आदल्या दिवशी दुमिंग सुताराने होडीला विचारलं, "बाय, कुठे कीड लागलीय का?"

"छे! तुम्ही फक्त रंग लावा."

फादरांनी नव्या रंगावर पवित्र पाणी शिंपडलं. सगळे गाऊ लागले. होडीला मात्र आतली कुरकुरच ऐकू येत होती. तिला राहवेना. सगळ्यांसमोर ती ओरडली, "फादर, मी खोटं बोलले! तळाला कीड आहे!"

"मी गेल्यावर तुझ्याशी बोलणार कोण?" किडा म्हणाला.

दुमिंगने फळी कापून काढली. फार दुखलं. नवी फळी बसली आणि होडी खाडीत परतली. आता बोलायला कोणीच नव्हतं. ती खूप रडली.

महिन्याभराने दुसऱ्या बाजूच्या फळीतून नव्या किड्याचा बारीक आवाज आला. "एकटीच आहेस ना गं?"

एकटीच होती ती. तरी काठाकडे वळून तिने जोरात हाक मारली, "दुमिंगदादा, पटाशी घेऊन या!"