चुन्याची घट

फार जुन्या काळची गोष्ट. राजे तलाव बांधत आणि प्रधान चोर शोधत, असा तो काळ.

एका राज्यात एक म्हातारा तोलारी होता. राजवाड्यात येणारं-जाणारं सगळं त्याच्या काट्यावरून जाई. त्याचा जीव दोघांवरच होता: काट्यावर आणि एकुलत्या एक लेकीवर. लेक चुनेवाल्याला दिली होती. नवराबायको मिळून भट्टी लावत, दगड भाजत आणि त्यातून कळीचा चुना काढत.

तलावाची भिंत बांधायला राजाने चुना मागवला. नव्या प्रधानाने फर्मावलं, "खाणीतला दगड तोलून द्या, भट्टीतला चुना तोलून घ्या."

लेकीच्या भट्टीला दगड तोलून दिला. काही दिवसांनी चुना आला. तोलाऱ्याने तो पारड्यात घातला आणि काटा पुन्हा पुन्हा पाहिला. जवळजवळ निम्मं वजन गायब!

"घट आली, घट!" प्रधान टाळी वाजवून म्हणाला. "कुणाच्या घरच्या घटात गेली हो ही घट?"

दरबार खो-खो हसला. सत्तेला चोर लवकर सापडतो, कारण तिला तो शोधायचा नसतो, नेमायचा असतो. राजाने हुकूम दिला, "भट्टी मोडा. जोडप्याला वेशीबाहेर काढा."

लेक धावत बापाकडे आली. "बाबा, तुमचा काटा माझ्या संसारावर उठलाय! तो खरा की मी खरी?"

"दोघंही," तोलारी म्हणाला. "काटा खोटा नाही, तूही खोटी नाहीस. म्हणजे पोरी, तिसरं कुणीतरी आहे."

"तिसरं कोण असणार? भट्टीवर आम्ही दोघं आणि वारा!" लेकीने डोळे पुसले. "आणि तो चुना तरी, मेला नखरेल! ताजा उचलावा तर हलका. टोपलीत उघडा पडून राहिला की फुसका होतो, आणि वर जडही होतो. कंबर मोडते माझी."

"जड होतो? कुणी काही न घालता?"

"कोण घालणार? तुमचे प्रधान?"

तोलारी तसाच उठला आणि दरबारात गेला. "महाराज, चोर सापडला. वारा! दगडात कोंडलेली हवा भट्टीने बाहेर काढली, तीच ही घट. पण चुना उघडा ठेवला तर हा चोर माल परत आणून देईल. थोडी सवड द्या."

"हवेला वजन?" प्रधान फिस्सकन हसला.

"वजन नाही, तर गेल्या वादळात तुमचं छप्पर कुणी उचललं, प्रधानजी?"

राजालाही हसू आवरेना. त्याने सवड दिली आणि तोवर हुकूम थांबवला.

तोलाऱ्याने सारख्या वजनाचे दोन दगड घेतले. एक तसाच एका पारड्यात ठेवला. दुसरा भाजून त्याचा चुना दुसऱ्या पारड्यात ठेवला. चुन्याचं पारडं टांगल्यासारखं वर गेलं. वारा खेळेल पण हात पोचणार नाही, अशी जाळी भोवती बसवली. पहारा प्रधानाच्याच माणसांचा.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. चुना फुटला, त्याचं पीठ झालं, आणि पारडं मुंगीच्या पावलांनी खाली येत राहिलं. तोलारी रोज जाळीशी जाऊन बसे, जणू पाळण्यातलं मूल बघतोय. उन्हाळ्याच्या तोंडाशी काटा मध्यावर येऊन उभा राहिला. चुन्याने आपली हवा परत ओढून घेतली होती. तो पुन्हा दगडाइतका भरला.

राजाने जोडप्याची माफी मागितली आणि भट्टी त्यांच्या नावावर कायम केली. मग तो प्रधानाकडे वळला. "उद्यापासून तुम्ही भट्टीवर बसा. घट निघाली की तिच्या मागे पळा, आणि ती कुणाच्या घरात शिरते ते आम्हाला कळवा."

लेकीने बापाचे खडबडीत हात हातात घेतले. "बाबा, काट्याने 'चोर' म्हटल्यावरही तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात?"

"वेडे, काटा फक्त 'कमी' म्हणाला होता," तोलारी म्हणाला. "'चोर' हा शब्द प्रधानाचा."

बोध: जगात काहीच नाहीसं होत नाही, म्हणून जे दिसेनासं झालं ते कुठे गेलं हे शोधल्याशिवाय कुणाला चोर म्हणू नये.