हैबतीचा बिनअक्षरी अर्ज

“पाच वर्षांत एकही तक्रार अर्ज नाही, महाराज! म्हणजे योजना पुरेशी आहे. पुरेशी कसली, भरपूर आहे!”

दिवाण त्र्यंबकपंत भर दरबारात असं म्हणाले आणि सोनखिंडीचे राजे महिपतराव मिशीतल्या मिशीत हसले. योजना त्यांचीच होती ना! फौजेतून निवृत्त होणाऱ्या प्रत्येक शिपायाला सरकारी पाठशाळेत पंधरा दिवस फुकट शिक्षण. काय ती दवंडी, काय ते नगारे, आणि वेशीवर केवढा तो शिलालेख! तो एकाही शिपायाला वाचता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

“अर्ज येईल कुठनं?” मागून कुणीतरी खेकसलं. “लिवता आलं असतं तर शिकायला कशाला गेलो असतो?”

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. बोलला होता हैबती, फौजेतला जुना टेहळ्या. वीस वर्षं हा गडी शत्रूच्या मुलखात हिंडला; किल्ल्यांच्या वाटा आणि चोरदरवाजे कोळशानं फडक्यावर उतरवून आणायचा. आता गुडघा गेला होता. तोफांच्या दारूच्या कोठारावर राखणदाराची जागा रिकामी होती, पण पिंपांवरच्या चिठ्ठ्या वाचता येणाराच माणूस तिथं हवा होता. म्हणून बिचारा पाठशाळेत जाऊन आला, तो गेला तसाच कोरा परत. ती जागा हुकली तर उतारवयात दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

“महाराज, त्या योजनेत काय हुतंय, की...”

“बस्स! तोंडी तक्रार ऐकणार नाही!” महाराज गरजले. आपल्या योजनेला कुणी नावं ठेवली की त्यांचं डोकंच फिरायचं. “तक्रार हवी तर लेखी. तुझ्या स्वतःच्या हातची! दुसऱ्याकडून एक अक्षर जरी लिहून घेतलंस तर याद राख.”

“आणि कुणी समजावून न सांगता महाराजांना ती वाचता आली पाहिजे,” पंतांनी हळूच पुस्ती जोडली.

“अगदी बरोबर! आठ दिवस देतो. नाही जमलं तर कोठारावरची तुझी जागा गेलीच, वर हे पंधरा दिवसही सगळ्यांचे बंद!”

आता बोला! ज्याला लिहिता येत नाही, त्यानं लिहून आणायचं की मला लिहिता येत नाही!

घरी गेल्यावर बायकोनं, तानुबाईनं, कपाळाला हात लावला. “गप बसायचं न्हाई व्हय? आता तुमच्यापायी बाकीच्यांचंबी गेलं!”

हे मात्र हैबतीला फार लागलं. सात दिवस तो धड जेवला नाही. आठव्या दिवशी सकाळी तानुबाई चुलीतले कोळसे विझवत होती, तिकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो ताडकन उठला. गुडघ्यातनं कळ आली, तरी उठला!

“आगं, माझं जुनं धोतर आण. आनि त्यातला एक कोळसा दे!”

“धोतरावर काय लिवताय?”

“मला कुठं लिवाय येतंय? अर्ज करतोय!”

दुपारी दरबारात हैबतीनं ते धोतर महाराजांपुढे अंथरलं आणि हाताची घडी घालून गप्प उभा राहिला.

“हे काय?” पंतांनी नाक मुरडलं. “कोंबड्या नाचवल्यास का याच्यावर?”

पण महाराज पुढे वाकले होते. असली फडकी त्यांनी घोड्यावर बसल्या बसल्या वाचली होती. त्यांचं बोट आपोआप कोळशाच्या रेघेवरून फिरायला लागलं.

“ही आपली छावणी. वर चंद्राची कोर, म्हणजे पक्षाच्या पहिल्या दिवशी निघाला. ही चूल म्हणजे एक मुक्काम. दोन, तीन... ही नदी... सात! अरे, पाठशाळा सात मुक्कामांवर आहे?”

पंत खाकरले. “जागा निवांत आहे, महाराज. अभ्यासाला बरी.”

“इथं पाठशाळा. वर अर्धा चंद्र. म्हणजे अष्टमी.” महाराज थबकले. “आणि दाराला अडसर? अष्टमीला दार बंद का, पंत?”

“अनध्याय, महाराज! अष्टमीला शिकवायचं नाही, ही जुनी रीत आहे.”

“मग पुढे परत सात चुली... आणि छावणीवर पुरा चंद्र. पंधरा दिवस संपले!” महाराजांनी मान वर केली. चेहरा लालबुंद! “सात दिवस जायचं, सात दिवस यायचं, आणि मधल्या एका दिवशी सुट्टी?”

“पण महाराज,” पंत घाईघाईनं म्हणाले, “हा अर्ज नव्हेच! यात अक्षर एकही नाही!”

आता मात्र हैबती बोलला. “महाराज, असल्याच फडक्यावरनं तुमी बेलकड्याचा किल्ला घेतलात. तवा पंत म्हनले न्हाईत, की यात अक्षर न्हाई, किल्ला परत द्या!”

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी हसू कसंबसं दाबलं. पण हट्टी माणूस तो, इतक्यात थोडाच हार मानतोय!

“ठीक आहे. मग किती दिवस पुरतील ते तूच सांग. पण जपून! जास्त मागितलेस तर तू लोभी, आणि कमी मागितलेस तर आजची तक्रार खोटी!”

हैबतीनं मुंडासं सारखं केलं. “महाराज, फौजेत आलो तवा मला भाला धरता येत न्हवता. त्यो शिकवाय तुमी किती दिवस दिलेत?”

“दिवस? पक्की तीन वर्षं!”

“मग मानूस मारायला शिकवाय जेवढी दिलीत, तेवढीच वाचायला शिकवाय द्या. एक दिवस जास्त नगं, एक दिवस कमी नगं!”

महाराज असे खदाखदा हसले, की डोक्यावरचा मंदील मांडीवर आला! त्यांनी तिथल्या तिथं हुकूम दिला: पाठशाळा छावणीत आणायची, शिक्षण तीन वर्षं, आणि तोवर कोठाराची जागा हैबतीच्याच नावावर राहील, पगारासकट. हा हुकूम पाठशाळेच्या गुरुजींना पोचवायची कामगिरी महाराजांनी त्र्यंबकपंतांवर सोपवली आणि बजावलं, की जाऊन-येऊन सगळं पायी करायचं.