करवंटीतला विस्तव

दीपगृहाच्या दारावर काळ्या पडलेल्या करवंट्या टांगल्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत. एकेक करवंटी म्हणजे एकेक मालक. बसा ओटीवर, सांगते.

असं सांगतात, दीपगृह नव्हतं तेव्हा आमच्या घराण्यातली भागाबाय रोज तिन्हीसांजेला तिथे खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, जाळ करायची. खाली पाण्यात खडक आहेत. जाळ बघून होड्या ते चुकवत खाडीत शिरायच्या. मग गोरा साहेब आला. जागा सरकारची म्हणाला आणि दीपगृह बांधलं. तेल भरलं, काचा पुसल्या. पण दिवा पेटवायला मुंबईहून मोठा साहेब यायचा होता, आणि तो काही येईना. तोवर दिवा लावायचा नाही. वर दिव्याची शान जाते म्हणून किनाऱ्यावर जाळही नाही! शिपायांनी भागाबायच्या जाळावर पाणी ओतलं. त्याच अंधारात तिचा एकुलता एक मुलगा बाबल मासे घेऊन परतत होता. घरी आल्या त्या होडीच्या फळ्या.

माणसं मरोत, समारंभ चुकता कामा नये. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

मोठा साहेब आला, बँड वाजला, पण वात म्हणे पेटच घेईना. तेल चांगलं, वारा पडलेला, तरी ज्योत विझे. तिकडे आभाळ भरून आलेलं आणि वाडीच्या होड्या दर्यात. शेवटी कोणीतरी बोललं, ज्या घरचा जाळ विझवलात त्याच घरचा विस्तव आणा. साहेब अनवाणी आमच्या दारात येऊन उभा राहिला.

भागाबायला त्याला हाकलून द्यायचं होतं. पण अंगणात शेजारणी उभ्या होत्या, त्यांची पोरं पाण्यावर होती. तिने चुलीतले निखारे करवंटीत भरले आणि करवंटी त्याच्या उघड्या तळहातावर ठेवली.

“इस्तो देतंय तो दर्यातल्या झिलग्यांसाठी,” ती म्हणाली. “तुका ह्या घरात पाणी गावचा नाय. तुज्या मागसून जो मालक येतलो, तेका पन नाय.”

साहेबाचा हात पोळला, पण दिवा लागला आणि होड्या घरी आल्या. पुढे दीपगृह संस्थानाकडे गेलं, मग बंदर खात्याकडे. विजेचा दिवा आला तरी नवा मालक विस्तव न्यायला यायचाच, आणि तहानलेला परत जायचा.

आता ते एका हॉटेलवाल्या शेठने घेतलंय. खाली रंगीत बल्बच्या माळा आणि वरचा दिवा बंद. विस्तव न्यायला त्याने ड्रायव्हर पाठवला होता, मी आल्या पावली परत धाडला. शेठने स्वतः यावं, चपला काढून यावं. तोवर खडपावर जाळ मी करते.

आजही आमची चूल विझत नाही. आजही मालकाला आणि मालकाच्या पाहुण्यांना या ओटीवर पाणी मिळत नाही. तुम्ही त्याच्याच खोल्यांत उतरलात ना? मघापासून तांब्याकडे बघताय, ते दिसतंय मला. तो तुमच्यासाठी नाही.