पिल्लं उभी राहत नाहीत

"सांगणार आहात की नाही, बुवा?"

हरेश्वरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. लखूबुवांनी मान वर केली नाही. तळ्याच्या काठावर उकिडवे बसून ते एका पसरट थाळीत खडे मांडत होते.

आम्ही भर दुपारी आलो होतो. हरेश्वरच्या डोक्यावर एक टोपली, माझ्या डोक्यावर दुसरी. दोन्हींत मिळून बदकाची एकतीस पिल्लं. दहा दिवसांपूर्वी ती साठ होती.

टोपल्या खाली ठेवल्या तेव्हा एकही पिल्लू उभं राहिलं नाही. पाय दोन बाजूंना फाकवून ती पोटावर सरकत होती. काहींनी तेही सोडून दिलं होतं.

"काय घालतोस?" बुवांनी विचारलं.

असल्या प्रश्नाची हरेश्वर वाटच बघत असतो. तालुक्याच्या गावी जाऊन तो कोंबडीपालनाचं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता, आणि तिथली वही त्याला तोंडपाठ होती.

"पहिल्या दिवसापासून तयार खाद्य. कोंबडीच्या पिल्लांचं, पण चांगल्यातलं. उकडलेल्या अंड्याचा बलक. सुकटीची पूड. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब. कॅल्शियम. टॉनिक."

"एवढं सगळं?"

"कशात कसूर ठेवली नाही."

"पाणी कुठे ठेवतोस?"

"लांब. खाली ओल होते म्हणून."

बुवांनी थाळीत पाणी ओतलं. खडे जेमतेम बुडाले. थाळी त्यांनी टोपलीच्या तोंडाशी सरकवली. जवळच्या पिल्लानं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवली, फुरफुरलं, पुन्हा बुडवली. मग दुसरं आलं, पोटावर सरकत.

"कोंबडी नाही ती," बुवा म्हणाले. "पाण्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. खडे असले म्हणजे बुडून मरत नाहीत."

हरेश्वरचा चेहरा उतरला. पण लगेच त्यानं स्वतःला सावरलं.

"ठीक आहे. घशाचं झालं. पायांचं काय?"

बुवांनी थाळीतला कलंडलेला खडा सरळ केला.

इथे मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर ही गप्प बसण्याची तऱ्हा कळायची नाही.

हरेश्वर लखूबुवांचा लाडका शिष्य. गळ्यात तुळशीची माळ बुवांनीच घातली होती. सहा वर्षं रोज संध्याकाळी तो बुवांच्या खोपटात भजनाला बसत असे. आवाज गोड, पाठांतर चोख. बदकांकडे मात्र त्यानं कधी ढुंकून पाहिलं नाही. विरक्त माणसाला ही घाण कशाला हवी, असं तो आम्हाला म्हणायचा. बुवांच्या तोंडावर कधी म्हणाला नाही.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी तो भजनाला लवकर पोचला. बुवा तळ्यावर होते. खोपटाच्या कोपऱ्यात एक मडकं होतं आणि त्याला ताडीचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी देवळात सभा झाली. माळकऱ्याच्या घरात ताडी. हरेश्वर तासभर बोलला, आणि बोलताना रडलासुद्धा. मग बाकीचे बोलले. बुवा खांबाला टेकून बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. भजन खोपटातून देवळात हलवायचं ठरलं, त्याला सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. मी टाळ वाजवतो. माझा हात वर गेला तो बुवांनी पाहिला होता.

बुवांची बदकं दरवर्षी गावाच्या भातशेतांत फिरायची. आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की खेकडे रोपं कातरतात, ते खेकडे ही बदकं खायची. पण सभेनंतर त्यांची बदकं कुणाला शेतात नको होती. तेव्हा हरेश्वर देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "गावाला बदकं मी देईन. साठ." अंडी बाहेरून आणली. अठ्ठावीस दिवस कोंबड्यांखाली ठेवली. साठ पिल्लं फुटली तेव्हा त्यानं पेढे वाटले होते.

आता एकतीस राहिली होती. ही गेली तर आवणीत खेकड्यांना रान मोकळं होतं, आणि गावाला तोंड कसं दाखवायचं हे हरेश्वरला कळत नव्हतं. 

"बुवा," तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता. "इलाज आहे की नाही?"

"आहे."

"मग द्या."

"तुला चालणार नाही."

"मला काहीही चालेल."

बुवांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि खोपटात गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मडकं होतं. तेच. काठाला टवका उडालेला, गळ्याला काथ्याची दोरी. आंबूस वास आमच्यापर्यंत आला.

हरेश्वर दोन पावलं मागे सरला.

बुवांनी मडकं हलकेच कलंडलं. वरची पातळ निवळ जमिनीवर ओतून टाकली. तळाशी पांढरट चिखलासारखा गाळ राहिला. त्यातला निम्मा त्यांनी परातीत काढला, पाणी घातलं, बसू दिला, पाणी फेकलं. पुन्हा पाणी घातलं.

"दोनदा धुवायचा. नाहीतर झिंगतात."

आम्ही बघत राहिलो. घाई नावाची गोष्ट त्या माणसाला ठाऊक नव्हती. टोपलीत पिल्लांची चिवचिव बारीक होत चालली होती, आणि मला बुवांचा राग येऊ लागला होता हे मी कबूल करतो.

धुतलेला गाळ त्यांनी भिजवलेल्या कोंड्यात कालवला.

"कोंबडीच्या पिल्लाचं त्या खाद्यावर भागतं," ते म्हणाले. "बदकाच्या पिल्लाच्या पायांना आणखी काही लागतं. ते यात असतं. पहिल्या दिवसापासून चिमूटभर द्यायचं."

"तुम्ही... कधीपासून देता?"

"बदकं ठेवली तेव्हापासून."

"म्हणजे दसऱ्याला..."

"दसऱ्याला बावीस पिल्लं होती."

हरेश्वरचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथेच राहिला. मी तळ्याकडे पाहू लागलो. मोठी बदकं पलीकडच्या काठावर रांगेनं उभी होती. मी मोजली नाहीत, पण बावीसच्या आसपास असावीत. पाय सगळ्यांचे सरळ होते.

"सभेत बोलला का नाहीत, बुवा?" हरेश्वरनं विचारलं.

बुवांनी परात पुढे सरकवली.

"भरव."

"मी?"

"पिल्लं तुझी आहेत."

हरेश्वर उभाच. उजव्या हाताची बोटं त्यानं उघडली, मिटली. ज्या हातानं रोज देवाला गंध लावायचं तो हात ताडीच्या गाळात घालायचा होता. सहा वर्षांत त्यानं ताडाच्या झाडाखालची सावलीसुद्धा टाळली होती. मला त्याची कीव आली आणि थोडं बरंही वाटलं. माणसाचं मन फार चांगलं नसतं.

टोपलीच्या कडेचं एक पिल्लू मान ताणून होतं. मान हळूहळू खाली आली. मग ते हललं नाही.

"तीस," बुवा म्हणाले.

हरेश्वर गुडघ्यांवर कोसळला. मनगटापर्यंत हात परातीत घातला. एक पिल्लू उचललं, चोचीशी बोट धरलं. पिल्लानं आधी तोंड फिरवलं, मग बोट चाटूनपुसून घेतलं. त्यानं दुसरं उचललं. तिसरं. गाळ त्याच्या सदऱ्यावर, कोपरांवर, माळेच्या मण्यांवर सांडला. त्याला भान नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि या वेळी बघायला सभा नव्हती.

तिसावं पिल्लू खाली ठेवून तो म्हणाला, "उठतील ना सगळी?"

"सगळी नाही. ज्यांचं हाड वाकलं ते वाकलं. बाकीची चार-पाच दिवसांत पाय टेकतील."

"रोज द्यायचं?"

"पिसं भरेपर्यंत. सकाळ-संध्याकाळ. उद्यापासून ताडी काढणाऱ्या सुकऱ्याकडून घे, ताडाखाली बसलेला असतो. आजचं हे आहे."

बुवांनी मडक्याकडे बोट दाखवलं.

हरेश्वरनं ओठांवरून जीभ फिरवली. मला ठाऊक होतं त्याच्या मनात काय आहे. आमच्या गावात शिरायच्या वाटा दोन. एक खाडीच्या बांधावरून, तिथे कुणी नसतं. दुसरी देवळासमोरून, आणि या वेळी देवळाच्या ओट्यावर सगळी भजनी मंडळी पडलेली असतात.

"बांधावरून जातो," तो म्हणाला.

"भरती आहे. बांध पाण्याखाली असेल."

"मग ओसरेपर्यंत थांबतो."

बुवांनी टोपलीकडे पाहिलं. हरेश्वरनंही पाहिलं. ऊन टोपलीच्या काठावर आलं होतं.

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मडक्याच्या तोंडाला गुंडाळू लागला.

"बांधू नकोस. अजून आंबतंय. कोंडलं तर फुटेल."

मी पुढे झालो. "मडकं मी घेतो, बुवा."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू दोन्ही टोपल्या घे."

मी एकीवर एक टोपली रचली. हरेश्वरनं मडक्याला हात घातला, मग काढून घेतला. दोन्ही हात मानेमागे नेऊन तो माळेची गाठ चाचपू लागला.

"ही तुमच्यापाशी ठेवतो, बुवा. थोडे दिवस... पिल्लांना पिसं भरली की येऊन घेईन."

"राहू दे गळ्यात."

"ही घालून? देवळासमोरून?"

"हो."

"सगळे बसलेले असतील."

"असतील."

हरेश्वरचे हात खाली आले. त्यानं मडकं उचललं, छातीशी धरलं. उघड्या तोंडातून वास सरळ त्याच्या नाकात जात होता. चार पावलं गेला आणि थांबला. वळला नाही.

"बुवा... त्यांना मी काय सांगू?"

बुवा पुन्हा थाळीजवळ बसले होते. एक खडा त्यांनी पाण्यातून काढला, पुसला, परत ठेवला.

"कुणी विचारलं, तर सांग."