बाळंतिणीच्या डोक्यावरची काच

फार पूर्वी, गावांना वेशी होत्या पण रस्त्यांना नावं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका गावात बांगड्यांचा एक व्यापारी राहायचा. काचेतलं आपल्याला सगळं कळतं असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि लोक ऐकून घ्यायचे.

त्याची सून गरोदर होती. पहिल्या बाळंतपणात तिला माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. ते लेकरू पिवळं पडलं आणि दहाव्या दिवशी गेलं. ते पिवळं पडलंय हे त्या अंधारात कुणाला दिसलंच नाही. म्हणून या खेपेला तिनं सासूकरवी एवढंच मागितलं, की नवी खोली काढताय तर वरून थोडा उजेड येऊ द्या, मला लेकराचं तोंड दिसू दे.

व्यापाऱ्याला पटलं. पण पटलं ते त्याच्या पद्धतीनं. छपराचा मावळतीकडचा अख्खा उतार काचेचा करायचा त्यानं ठरवलं. बारशाला बायका येतील, हातातल्या बांगड्या लखलखतील, वर बघून तोंडात बोटं घालतील. सुनेनं मागितला ओंजळभर उजेड, आणि याला हवी होती वाहवा.

छपराच्या कामाला आलेला म्हातारा गवंडी म्हणाला, "मालक, मावळतीला काच नको. उत्तरेच्या उताराला हातभर झरोका पुरे. त्याला उघडणारी झडप लावतो, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. उन्हाळ्यात वर बांबूचा तट्टा टाकायचा."

"काच मी विकतो का तू?" व्यापारी म्हणाला.

गवंड्यानं सांगितली तशी काच बसवली. कळत असून बसवली, म्हणून त्याचाही मला राग येतो.

लेकरू वैशाखात झालं. आता रीत ऐका. बाळंतिणीनं बारा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. वारा लागेल म्हणून दार-खिडकी बंद. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. खालून निखारे, वरून काच, आणि मध्ये ओली बाळंतीण न् चार दिवसांचं लेकरू. अहो, पापड वाळत घालतानासुद्धा माणूस एकदा ऊन बघतो.

सुनेनं दोनदा निरोप पाठवला. सासऱ्यानं कळवलं, की बाळंतिणीला ऊब हवीच असते.

पाचव्या दिवशी दुपारी लेकरानं दूध ओढायचं सोडलं. अंग घामोळ्यांनी लाल झालं, मान लुळी पडली. या वेळी उजेड भरपूर होता. तिला सगळं दिसत होतं.

ती उठली, लेकराला छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडून ओसरीवर आली. तिथं बायका बांगड्या भरायला बसल्या होत्या. सगळ्यांदेखत व्यापारी तिला नाही नाही ते बोलला. रीत मोडलीस, घराण्याचं नाक कापलंस, आत हो.

सून म्हणाली, "मामंजी, रीत मोडल्याचं पाप माझ्या माथी. एक लेकरू अंधारात घालवलं, दुसरं उन्हात घालवणार नाही. तुम्ही म्हणता ऊब आहे. शेगडी पेटलेलीच आहे, तुम्हीच जरा बसून बघा."

बायका बघत होत्या. माघार कशी घेणार? व्यापारी मिशीला पीळ देत आत गेला.

आणि सासूनं, जिनं तीस वर्षांत त्याच्यापुढे शब्द काढला नव्हता, बाहेरून कडी घातली.

थोड्याच वेळात तो दार ठोठावू लागला. मग हाका मारू लागला. मग विनवू लागला. सासूनं आधी लेकराला ओल्या फडक्यानं पुसलं, पदरानं वारा घातला, ते पुन्हा अंगावर प्यायला लागलेलं पाहिलं, आणि मग कडी काढली.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून सगळी काच उतरवली. उत्तरेला हातभर झरोका आला, त्याला झडप आली. बारशाला बायका आल्या, त्यांनी लेकराचं तोंड पाहिलं, वर कुणी पाहिलंही नाही. जाताना एकीनं व्यापाऱ्याला विचारलं, "दादा, ऊब पुरली ना?"

बोध हाच: ज्यांना त्या खोलीत दिवस काढायचे आहेत, त्यांना न विचारता जो तिचं छप्पर ठरवतो, तो घर बांधत नाही, भट्टी बांधतो.